चाक किती खोल? देवळ्याच्या वाऱ्याला विचारा

देवळ्याहून पश्चिमेला कळवण, उत्तरेला सटाणा, पूर्वेला सौंदाणे आणि तिथून मालेगाव, दक्षिणेला भावडबारीतून चांदवड. शर्यतीच्या सायकलच्या चाकांबद्दल बोलायला याहून सोयीचं गाव सापडणं कठीण. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा सुटला की कळवणला जाताना तो छातीवर बसतो, सौंदाण्याला जाताना पाठ थोपटतो आणि सटाणा-चांदवड रस्त्यावर बरगडीत कोपर मारतो. याच गोष्टी मोजायला परदेशातल्या कंपन्या वाऱ्याचे बोगदे तासाच्या भाड्यानं घेतात. इथं सगळं फुकट, खड्ड्यांसकट.

रिमची उंची म्हणजे काय रे भाऊ?

टायर बसतो त्या कडेपासून हबच्या दिशेनं रिम जेवढी आत येते, तेवढे मिलिमीटर. हीच चाकाची खोली. शर्यतीच्या साध्या अॅल्युमिनियम रिमची २५-३०. कार्बनची ३५, ५०, ६५, ८०, जशी ऐपत आणि जशी हिंमत. तारांची जागा पूर्ण झाकून टाकली की झाली डिस्क. चाकाचा व्यास तोच राहतो, फक्त तारा आखूड होतात. निम्मी गंमत त्या आखूड तारांतच आहे.

चाकाचा माथा दुप्पट पळतो

सायकल ताशी ४० किलोमीटरनं चालली आहे. चाकाचा रस्त्याला टेकलेला बिंदू त्या क्षणापुरता थांबलेला असतो. हब ४० नं पुढे जातो. आणि चाकाचा माथा? ताशी ८०! म्हणजे तुम्ही सावकाश निघालात असं वाटत असलं तरी वरच्या तारा मोटारीच्या वेगानं हवा कापत असतात. म्हणूनच गोल तारेपेक्षा चपटी तार बरी, लांब तारेपेक्षा आखूड बरी, आणि तारेऐवजी रिमची गुळगुळीत भिंत असेल तर उत्तमच.

आता हिशेबाची खोडी बघा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद घनाच्या. ताशी ३० वरून ४० वर जायचं तर वेग एक तृतीयांशानं वाढला, पण हवेपुरती ताकद जवळजवळ २.४ पट लागली. सपाट रस्त्यावर ताशी पंधरा-वीसच्या पुढे गेलात की तुमचा मुख्य शत्रू हवा. चढ नाही, टायर नाही, बायकोनं बांधून दिलेला डबाही नाही.

मे महिना वेगवान असतो

गरम हवा विरळ असते. थंडीतल्या १० अंशांच्या पहाटेपेक्षा मे महिन्यातल्या ४० अंशांच्या दुपारी हवेची घनता जवळपास १० टक्क्यांनी कमी भरते. तेवढ्याच ताकदीत वेग ३ टक्क्यांच्या आसपास जास्त मिळतो. उन्हानं चक्कर येऊन पडला नाहीत तर.

त्याहून उलटी वाटणारी गोष्ट: दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, कारण पाण्याच्या वाफेचा रेणू हवेच्या सरासरी रेणूपेक्षा हलका. पावसाळ्यात हवा 'जड' झाली म्हणतो, ती आपल्या अंगाला जड. चाकाला नाही. फरक मात्र इतका किरकोळ की त्याच्या भरवशावर शर्यत जिंकायला निघू नये.

हळू चालवणाऱ्याला वारा जास्त लागतो

हे वाक्य दुकानदार सहसा सांगत नाहीत आणि खोली निवडताना सगळ्यात कामाचं हेच आहे. सटाणा रस्त्यावर डावीकडून ताशी १० चा वारा आहे असं धरा. ताशी ४५ नं जाणाऱ्या पट्टीच्या खेळाडूच्या चाकावर तो साडेबारा अंशांच्या कोनातून येतो. ३५ वाल्याला १६ अंश. आणि तुमच्या-आमच्यासारख्या ताशी २५ वाल्याला जवळपास २२ अंश. वारा तोच, रस्ता तोच, पण हळू चालणाऱ्याला तो जास्त आडवा लागतो.

का महत्त्वाचं? खोल रिम आडव्या वाऱ्यात शिडासारखी वागते. वारा थोडा तिरपा आला की रिमभोवतीची हवा चाकाला चक्क पुढेही खेचते आणि एकूण विरोध घटतो. खोल चाकांच्या जाहिरातीतले सुंदर आलेख बहुतेक या दहा-पंधरा अंशांच्या पट्ट्यातच खाली झुकलेले असतात. कोन वाढत गेला की हवा रिमला धरून राहत नाही, सुटते. मग फायदा एकदम आटतो आणि हँडलला झटका बसतो. म्हणजे ८० मिलिमीटरचं चाक ज्याला सगळ्यात कमी फळतं आणि सगळ्यात जास्त घाबरवतं, तो बहुधा ते नवंकोरं विकत घेणारा हौशी गडीच असतो.

आणखी एक. "जाताना समोरचा वारा, येताना पाठीचा, फिट्टंफाट" असं कोणी म्हणालं तर त्याला कागद-पेन्सिल द्या. बिनवाऱ्याच्या दिवशी ताशी ३० नं ४० किलोमीटरला ८० मिनिटं लागतात. वाऱ्यात २० किलोमीटर २२ नं गेलात आणि उरलेले २० तुम्ही ३८ नं आलात, तर लागतात ८६. सहा मिनिटं वाऱ्यानं खाल्ली. कारण साधं आहे, वाईट वेगात आपण जास्त वेळ घालवतो.

मका उभा आहे का?

मोबाइलवर दिसणारा वाऱ्याचा वेग जमिनीपासून १० मीटर उंचीचा धरलेला असतो. सायकलस्वाराचं डोकं दीड मीटरवर आणि चाक त्याहून खाली. तिथं वारा बराच मंदावतो. शिवाय रस्त्याकडेला काय उभं आहे त्यावरही बरंच ठरतं. श्रावणात दोन्ही बाजूंना माणसाच्या वर मका असेल तर आडवा वारा अडतो. डाळिंबाची बाग असेल तर थोडा अडतो. मका काढून तिथं कांदा लावला की रस्ता उघडा पडतो. पण खरी दगाबाज जागा यांच्या मधली: मक्याचा आडोसा संपतो, नाल्यावरचा पूल येतो आणि थोपवून धरलेला वारा तिथं एकदम अंगावर येतो. गिरणेच्या पुलावर लोहोणेर-ठेंगोड्याकडे जाताना दोन्ही हात हँडलवर ठेवावेत, एवढं सांगून पुढे जातो.

या भागात वाऱ्याला कमी समजू नये. हाच विंचूर-प्रकाशा रस्ता सटाणा, ताहाराबाद, पिंपळनेर करत साक्रीकडे जातो, आणि साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचं रान उभं आहे. वीज कंपन्यांनी ती जागा चहा प्यायला निवडलेली नाही.

कांद्याची पिकअप: चालता-बोलता वाऱ्याचा बोगदा

उमराणे आणि देवळ्याच्या बाजार समितीकडे धावणारी, ताडपत्री फडफडवत जाणारी पिकअप तुमच्या शेजारून गेली की दोन गोष्टी लागोपाठ घडतात. तिच्या नाकापुढची दाबलेली हवा आधी तुम्हाला रस्त्याच्या कडेला ढकलते. मग ती पुढे निघून जाताना मागं पोकळी सोडते आणि तुम्ही रस्त्याच्या मध्याकडे ओढले जाता. ढकल, ओढ. पुढचं चाक जेवढं खोल तेवढे हे दोन्ही झटके थेट हँडलमध्ये. समोरून ट्रक येत असेल तर त्याचा वेग तुमच्या वेगात मिळवा.

म्हणूनच एक जुनी, शहाणी सोय: पुढचं चाक उथळ, मागचं खोल. हँडल फक्त पुढच्या चाकाला जोडलेलं असल्यामुळे वाऱ्याची ढकल हाताला जाणवते ती तिथूनच. मागचं चाक सायकलच्या सांगाड्याला बांधलेलं, शिवाय तुमच्या पायांच्या आणि नळ्यांच्या आडोशाला. तिथं ६०-६५ असलं तरी त्रास नाही. मागची पूर्ण डिस्कसुद्धा दिसते तेवढी भीतिदायक नसते. उलट पुढे ८० लावून मागे साधं चाक ठेवणारे महाभाग दिसतात, त्यांना दंडवत.

अर्धा इतिहास ट्रायथलॉनवाल्यांनी घडवला

१९८४ च्या जानेवारीत इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेरनं मेक्सिको सिटीत डिस्क चाकांवर बसून तासाभरात ५१.१५१ किलोमीटर कापले. १९७२ चा एडी मर्क्सचा विक्रम ४९.४३१ चा होता. मेक्सिको सिटी २,२४० मीटर उंचावर असल्यानं हवा आधीच विरळ, त्यात ही झाकलेली चाकं. शिष्ट मंडळी नाकं मुरडत बसली आणि चाकांचे कारखाने कामाला लागले.

त्याच वर्षी अमेरिकेत मिनेसोटामध्ये स्टीव्ह हेड आणि त्यांच्या पत्नी अॅन यांनी आपला चाकांचा धंदा सुरू केला. सुरुवातीची गिऱ्हाइकं कोण? ट्रायथलॉनवाले, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एका दमात करणारे. त्यांना जुन्या सायकल शर्यतींच्या परंपरेचं ओझं नव्हतं, वेगाशी मतलब. रिम निमुळत्या धारेची असावी असं सगळे धरून चाललेले असताना हेड आणि रॉबर्ट हॉग यांनी तिला टायरपेक्षा रुंद पोट दिलं. आज बहुतेक चांगल्या खोल रिमा अशा फुगीर असतात, कारण आडव्या वाऱ्यात हवेला बोथट गोलाई धरून राहणं सोपं जातं. झिप कंपनीत काम केलेल्या जॉश पोर्टनरचा '१०५ चा नियम' याच घराण्यातला: रिमची बाहेरची रुंदी टायरच्या निदान १०५ टक्के हवी. २८ चा टायर असेल तर रिम साडेएकोणतीस हवी. एरवी ६० ची खोली विकत घेऊन तिच्यावर भोपळ्यासारखा फुगलेला टायर चढवला की पैसे वाऱ्यावर, शब्दशः.

१९८९ च्या तूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशीची गोष्ट तर शर्यतवाल्यांच्या घरोघरी सांगतात. लाँराँ फिन्याँ ५० सेकंदांनी पुढे होता. २४.५ किलोमीटरची घड्याळाविरुद्धची शर्यत. त्याच्या सायकलला पुढे-मागे दोन्हीकडे डिस्क होत्या. ग्रेग लेमाँडकडे डिस्क फक्त मागे, पण हँडलवर ट्रायथलॉनवाल्यांकडून उचललेले लांब टेकू. त्यावर कोपरं ठेवून तो वाकून बसला आणि पूर्ण तूर ८ सेकंदांनी जिंकला. चाकापेक्षा बसणं मोठं ठरलं. हवेच्या एकूण विरोधातला साधारण तीन चतुर्थांश वाटा सायकलस्वाराच्या अंगाचा असतो. चाकांच्या वाट्याला उरलेल्यातला एक तुकडा.

बंदी, बंदी आणि पुणे

हवाईच्या कोना इथल्या आयर्नमन जागतिक स्पर्धेत मागच्या डिस्कलाही वर्षानुवर्षे मनाई होती. लाव्हाच्या उघड्या पठारावरून डोंगराचा वारा आडवा येतो, १८० किलोमीटर चालवायचे असतात, आणि त्याआधी ३.८ किलोमीटर समुद्रात पोहून झालेलं असतं. थकलेल्या हातांना वारा आवरत नाही.

सायकलची जागतिक संघटना यूसीआय हिनंही १ जानेवारी २०२६ पासून एकत्र सुटणाऱ्या रस्ता-शर्यतींत रिमची उंची ६५ मिलिमीटरवर थांबवली. नियम लागू होऊन तीन आठवडे होत नाहीत तोच १९ जानेवारीला पुणे ग्रँड टूर सुरू झाली. म्हणजे या नव्या मोजपट्टीखाली धावलेल्या अगदी पहिल्या शर्यतींत आपलं पुणं आलं. घड्याळाविरुद्धच्या शर्यतींना आणि ट्रायथलॉनला ही ६५ ची अट नाही.

आता गोवा. २०१९ पासून पणजीला अर्ध्या अंतराची आयर्नमन होते: १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं. पुढच्या सायकलच्या आडोशाला राहायचं नाही, १२ मीटर अंतर ठेवायचं, हा नियम. मिरामारजवळ समुद्राचा वारा. घोळक्यात लपता येत नसल्यामुळे चाकाची खोली तिथं घोळक्याच्या शर्यतीपेक्षा जास्त कामाला येते. मोठ्या घोळक्याच्या पोटातल्या सायकलस्वाराला एकट्याच्या मानानं जेमतेम ५ ते १० टक्के हवा लागते, असं आइंटहोव्हनच्या बर्ट ब्लॉकन यांच्या चमूनं २०१८ मध्ये दाखवलं. तिथं ८० चं चाक म्हणजे छपराखाली छत्री उघडणं.

गडावर जाताना सात सेकंद

"डीप रिम जड, घाटात मारते." ऐकलं असेलच. चला नांदुरीहून सप्तशृंगी गडावर. साधारण १० किलोमीटरचा घाट, समजा ४५ मिनिटं लागतात. माणूस, सायकल, पाणी मिळून ८० किलो. खोल चाकं २०० ग्रॅमनं जड. तोटा पाव टक्का, म्हणजे सात सेकंदांच्या आसपास. एका घोट पाण्याला थांबलात तर त्याहून जास्त जातील.

फिरणारं वजन दुप्पट मोजावं लागतं हे खरं, पण फक्त वेग वाढवताना. एका चालीनं चढताना चाकातला ग्रॅम आणि पोटातला ग्रॅम सारखाच. पोटाबद्दल अधिक लिहीत नाही.

उताराची गोष्ट वेगळी. जुन्या कार्बन रिमवर ब्रेकचे रबर थेट रिमला घासायचे. लांब घाटात रिम तापून कार्बनमधला राळेचा थर मऊ पडायचा. रिमला न घासणारे डिस्क ब्रेक आले आणि ती भीती गेली. जुन्या बाजारातून स्वस्त कार्बन चाकं घेताना मात्र ब्रेक कोणता, हे आधी बघा.

नाशिकच्या डॉक्टरांचा हिशेब

२०१५ मध्ये नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी दोघांच्या गटात रेस अॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली. असं करणारे ते पहिले भारतीय. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून अटलांटिककडच्या अॅनापोलिसपर्यंत जवळपास ४,८०० किलोमीटर, वेळ ८ दिवस १४ तास ५५ मिनिटं. सगळं धरून सरासरी ताशी २३. पुढे २०१७ मध्ये नाशिकलाच असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्यानं ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत संपवली. विश्रांती धरून सरासरी ताशी १७.

या वेगात चाकाची खोली कशाला, असं वाटेल. पण वेग कमी म्हणजे रस्त्यावर तास जास्त. वाचणारे टक्के थोडेच, ते गुणायचे दिवसांनी. दुसरीकडे झोपेविना, आडव्या वाऱ्यात हँडल तासन् तास सावरणं हीही किंमतच. लांब पल्ल्याच्या माणसाला हाताला शांत वाटणारं ४०-५० चं चाक बरं, असं माझं मत. आणि एक गमतीची गोष्ट: या शर्यतीत रात्री मदतीची गाडी स्पर्धकाच्या मागं चालावीच लागते. मागून येणारी गाडीसुद्धा पुढच्या सायकलला किंचित मदत करते, हेही ब्लॉकन यांनीच मोजलं. गाडीपुढे दाबली गेलेली हवा सायकलमागची पोकळी भरून काढते.

"कितलानी शे?"

देवळ्यात पाच कंदीलला चहाला काळी जाड चाकं उभी केली की कुणी ना कुणी नाना हा प्रश्न, म्हणजे 'कितीला पडली?', विचारणारच. बऱ्या कार्बन जोडीला दीड लाख सहज लागतात. कांद्याला क्विंटलला दीड हजार भाव धरला तर शंभर क्विंटल, म्हणजे तीन-चार ट्रॉल्या कांदा. भाव पडला की चाकं आणखी महाग. नानांना खरा आकडा सांगायचा की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं.

उथळ अॅल्युमिनियम चाकांवरून खोल कार्बनवर गेल्यावर वेगवान सायकलस्वाराचा ४० किलोमीटरला वाचतो मिनिट-दीड मिनिट. २०१४ मध्ये स्पेशलाईज्ड कंपनीनं आपल्या वाऱ्याच्या बोगद्यात पायाचे केस काढून आणि न काढता माणसं बसवली. तेवढ्याच अंतराला वाचला साधारण एक मिनिट! वस्तऱ्याला दीड लाख पडत नाहीत. अंगाला चिकटणारा टी-शर्ट, बंद हेल्मेट, चांगला टायर हे सगळं चाकांच्या आधी घ्यावं. फक्त ते चहाच्या टपरीवर दिसत नाही, ही अडचण.

सराटे वाऱ्याला विचारत नाहीत

देवळ्याच्या रस्त्याकडेला टेकलात आणि टायरमध्ये सराटा किंवा बाभळीचा काटा घुसला की सगळं वायुशास्त्र तिथंच संपतं. आत चीक भरलेले ट्यूबलेस टायर अशी बारीक भोकं स्वतःच बुजवतात, म्हणून इकडे ते सोयीचे. ट्यूबच वापरत असाल तर खोल रिमची खरी कटकट आता कळेल: व्हॉल्व्ह. तो रिमच्या पोटातून बाहेर यायला हवा. ६० च्या रिमला ८० मिलिमीटरचा लागतो, नाहीतर जोडनळी. ५० मिलिमीटरच्या व्हॉल्व्हची ट्यूब आत जाऊन हरवते आणि पंप तिच्यापर्यंत पोचत नाही.

त्यात हा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा जातीचा. मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याकडचा पंप त्याला बसत नाही. मधे लावायची पितळी टोपी अगदी स्वस्तात मिळते, नखाएवढी असते आणि बाहेर पडताना हमखास घरी राहते. ती व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवली तर विसरायचा प्रश्न येत नाही. लांब व्हॉल्व्हच्या दोन ट्यूब नाशिकहूनच घेऊन निघा, आणि रविवारी सकाळी भावडबारीच्या वर पोचायच्या आत सीटखालच्या पिशवीत जोडनळी आहे ना, ते चाचपून बघा.